मदत हवी आहे: नुसतं ऐकून घ्यायला शिकवणारं पुस्तक (मराठी असल्यास उत्तम)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विभाग चुकला असेल तर हलवावा.

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वय ४६. मशीन बंद पडलं की आमच्याकडे 'व्हाय-व्हाय' करतात. बेअरिंग गेलं. का? ग्रीस पोचलं नाही. का? लाइन चोक झाली. असं पाचदा 'का' विचारत मुळाशी जायचं, दुरुस्ती करायची, बिघाडाची स्लिप बंद. ही टोयोटाकडून आलेली शिस्त, आणि मी त्यात बरा आहे. पंचाईत अशी की घरीही मी हेच करतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. बायकोचं माहेर निफाडकडचं. तिच्या भावाने द्राक्षबाग तोडली. बाग जुनी, औषधांचा खर्चही निघेना, त्यामुळे त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हिला ते कळलं चार दिवसांनी, तेही भाचीच्या स्टेटसवरून. संध्याकाळी ही स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती आणि डोळ्यांना धार. मी विचारलं, का रडतेस? बाग तोडली म्हणून. त्यात रडण्यासारखं काय, तोट्यातच होती ना? दादाने सांगितलं नाही. त्याने का सांगावं, सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का?

तिसऱ्या 'का'ला ती गप्प झाली. काड्या आणि पानं एकाच ढिगात टाकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "तुम्हाला सांगितलं की मला आणखी एकटं वाटतं." यावर मी काय केलं? भावाला फोन लावून देऊ का, असं विचारलं. (हसू नका.)

सार्वजनिक वाचनालयाचा सभासद आहे. ते १८४० सालचं, आमचं खातं वडिलांपासूनचं. दोन रविवार कपाटापुढे उभा राहिलो, पण माझ्याच हाताला लागतात ती पुस्तकं पहाटे पाचला उठा, माणसं जिंका या थाटाची. मला कुणाला जिंकायचं नाही हो.

मुलीने जॉन गॉटमन यांचं नवरा-बायकोच्या नात्यावरचं १९९९चं इंग्रजी पुस्तक दिलंय. त्यात संसार पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्यात: टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं. तुच्छता सगळ्यांत घातक म्हणे. माझ्यात तिसरी आणि चौथी ठासून भरली आहे. पण मी अडखळलो ते दुसऱ्याच वाक्यावर. जोडप्यांमधले ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत, ते सोबत घेऊनच राहायचं असतं, असं हा गृहस्थ लिहितो. आमच्या प्लँटला ६९ टक्के ब्रेकडाऊन कायमचे आहेत म्हणालो तर त्याच दिवशी घरी पाठवतील. तरी ते वाचून का कोण जाणे, हलकं वाटलं.

इंग्रजीत रात्री पाच पानांच्या पुढे जात नाही. शिवाय त्यातला नवरा बायकोला 'डार्लिंग, मला समजतंय' म्हणतो, तिथे मी गळतो. आपल्या घरांतली उदाहरणं असलेलं काही आहे का? राग आणि भूक सोडून माझ्या आत तिसरं काय चाललंय तेही मला ओळखता येत नाही, त्यावरही चालेल. कादंबरी चालेल. कंपनीच्या बसमध्ये पाऊण तास जातो, ऑडिओ असेल तर फारच छान.

काडीपेटी
सातबारा?! धन्य आहात.

नाशिकरोडची वाचणारी
अंजली जोशींची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी घ्या. एलिस म्हणजे १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. ऐन एकोणिसाव्या वर्षी बायकांशी बोलायची याला धास्ती. मग न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन महिनाभरात शंभरेक अनोळखी बायकांशी बोलला. भेटायला एकच कबूल झाली, तीही आली नाही. भीती मात्र गेली. त्याचं म्हणणं, आपल्याला छळतो तो आपलाच हट्ट. मराठीत तर एका अक्षरात सापडतो: 'झालं*च* पाहिजे'. 'सुटलं*च* पाहिजे' हा तुमचा. डॉ. आनंद नाडकर्णींचं 'स्वभाव-विभाव'ही याच पद्धतीवर आहे.

फक्त हे स्वतःवर वापरा. बायकोला 'तुझा विचार अविवेकी आहे' म्हणालात तर मेथीची जुडी डोक्यात बसेल, आणि ते रास्त असेल.

पिंपळगावची लेक
मी गौरी देशपांडे सुचवेन. उपाय सांगत नाहीत, म्हणूनच तुम्हाला चालतील.

पण आधी हे ऐका. माझंही माहेर द्राक्षांचं. ऑक्टोबर छाटणीला शाळा बुडवून काड्या गोळा केल्यात, थॉमसन द्राक्षांच्या मांडवाखाली गोधडी टाकून झोपलोय. ती बाग कुणाच्या नावावर होती हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. तिला एकच विचारा, बागेत तुझी बसायची जागा कुठली? आणि मग गप्प बसा. भिंतीसारखं नाही, माणसासारखं.

शांताराम बापू
पुस्तकाने भागलं नाही तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर फुकट आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काडीपेटी, तुमचेही.

काल जेवणानंतर विचारलं. आधी संशयाने बघितलं तिने. मग म्हणाली, विहिरीकडून तिसरी ओळ. तिथे मांडवाच्या तारेला वडील रेडिओ अडकवायचे, बॅटरी उतरली की सेल काढून उन्हात ठेवायचे, ते सेल राखायचं काम हिचं. पंचवीस मिनिटं बोलली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मध्येच, त्या तारांचं भंगार कितीला गेलं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

एलिसची कादंबरी आणली, ती आधी हिनेच पळवली. चाळिसाव्या पानावर हिची बसच्या तिकिटाची खूण आहे. माझ्या हाती आली की कळवतो. ऑडिओचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही.