परतीच्या गाडीतलं गाणं: तुम्ही कुणाला काय ऐकवलंत?

मंद्रसप्तक (पुणे), धागाकर्ता

मी पेटीवाला. साथीला बसणारा. मागच्या महिन्याची वही उघडली तर एकाच आठवड्यात सोमवारी भजनी मंडळ, बुधवारी गझलेची बैठक, शनिवारी सांगलीला नाट्यपदं आणि रविवारी एका लग्नाच्या संगीतात हिंदी सिनेमा. वहीत गाण्यांची नावं कमी, पट्ट्याच (गाणारा पेटीच्या कुठल्या सुराला सा धरतो ते) जास्त: काळी एक, पांढरी चार, काळी पाच. मित्र विचारतात, नक्की कशातला आहेस तू? खरं उत्तर द्यायचं तर पगार सगळ्यांचा सारखाच बुडतो, म्हणून सगळ्यातला.

बाहेरगावच्या कार्यक्रमावरून परतताना आमच्या गाडीत एक नियम आहे. प्रत्येकाने एक गाणं लावायचं, पण ज्यावर आपलं पोट चालतं त्या प्रकारातलं लावायचं नाही. तबलजीला कायदे (तबल्यावरच्या ठरीव रचना) बंद, मला नाट्यपदं बंद, आणि गायिकाबाईंना स्वतःचं रेकॉर्डिंग तर सक्त मनाई. ऐकताना बोलायचं नाही. चहाला थांबल्यावर काय ते भांडा.

सांगलीहून येताना खंबाटकीच्या बोगद्याच्या जरा अलीकडे आमच्या साउंडवाल्याने एक टँगो लावला. त्यात बँडोनियन होता. हे वाद्य जर्मनीतलं, पण नांदलं अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सला. आत आपल्या पेटीसारख्याच धातूच्या पट्ट्या, हवा गेली की थरथरणाऱ्या. म्हणजे चुलत घराणं. पेटीचा मूळपुरुष पॅरिसचा, १८४२ साली दबँ नावाच्या कारागिराने पेटंट घेतलेला. कलकत्त्यात त्याला हाताचा भाता लागला आणि तो मांडी घालून बसायला शिकला. आमच्या वाद्याला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. हे दुखणं प्रत्येक पेटीवाल्याच्या पोटात असतं. आणि इथे हा बँडोनियन, त्यालाही मींड नाही, तरी रडतोय! बोगद्यात शिरल्यावर गाडीतला आवाज भरून आला आणि मला कळलं की हा माणूस सूर बदलतच नाहीये, एकाच सुरावर भाता सैल सोडतोय आणि पुन्हा आवळतोय.

पुढच्या बुधवारी गझलेत दोन शेरांच्या मधे मी तेच केलं. कोमल गांधारावर बोट तसंच ठेवलं आणि भात्याचा हात हळूहळू ढिला केला. गायकाने मान वळवून पाहिलं. कार्यक्रमानंतर एवढंच म्हणाला, "आज पेटीला काय झालं होतं रे?" ती तारीफ होती की तक्रार, अजून उलगडलेलं नाही.

तर लिहा. आपल्या रोजच्या प्रकाराबाहेरचं कोणतं गाणं तुम्ही कुणाला दिलंत किंवा कुणाकडून घेतलंत, आणि मग त्याचं पुढे काय झालं? लिंका नकोत, गोष्ट हवी. वाजवणाऱ्यांनी लिहावंच, नुसत्या कानसेनांनीही लिहावं.

थाप_ढोलकीची (नारायणगाव)

वरच्या गाडीतला मी नव्हे. मी तमाशाच्या फडातला. आमच्याकडे गाणी देण्याघेण्याचा रिवाज जुनाच, कारण गण-गौळण झाली की रंगबाजीत पब्लिक मागेल ते वाजवावं लागतं.

माझा भाचा पुण्यात कॉलेजला आहे. सुट्टीत आला तेव्हा कानात कायतरी घालून मान हलवत होता, पण मान अशी हलवत होता की मला मात्रा मोजाव्या वाटल्या. तीन-दोन-दोन. सात! म्हटलं, आण इकडे. ग्रीक लोकांचं नाचाचं गाणं निघालं, कलामातियानोस म्हणतात त्या नाचाचं. हात धरून गोल नाचतात. मी म्हटलं हा तर आपला रूपक ताल, सोपं आहे.

सोपं नव्हतं. रूपकात पहिली मात्राच खाली, सम रिकामी. ती ती ना. डावा हात पहिल्याला गप बसतो. आणि ही मंडळी पहिल्याच मात्रेला पाय जोरात टाकतात. तीस वर्षं माझी धूम (ढोलकीची खर्जाची बाजू) जिथे गप बसली तिथेच तिला बोलायला लावायचं. चार दिवस गेले. बायको म्हणाली, ढोलकी बिघडली का?

मग एका जत्रेत गौळणीच्या आधी दोन आवर्तनं घुसडली, कुणाला न सांगता. पुढच्या रांगेतल्या एका फेटेवाल्या म्हाताऱ्याने टाळी बरोबर दिली. आमचा हलगीवाला मात्र चुकला, आणि वर मलाच शिव्या देतो.

झांज_आणि_पदर (डोंबिवली)

मी व्यावसायिक नाही, पण मंडळात बावीस वर्षं गाते आहे, तेव्हा लिहिते.

सून तमिळ. व्हायोलिन वाजवते, गातेही. मला एरवी 'आई' म्हणते, चिडली की 'अम्मा'. लग्नानंतर पहिल्याच आषाढात म्हणाली, मला एक अभंग द्या. मला वाटलं माझी मर्जी राखायला म्हणते आहे. तर नाही. तिकडच्या कचेरीत (मैफलीला ते कचेरी म्हणतात) शेवटी शेवटी अभंग गायची पद्धतच पडली आहे. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं तेव्हा आपलं कीर्तन तिकडे गेलं आणि त्यांच्या हरिकथेत आपल्या साक्या, दिंड्या ही कीर्तनातली पद्यं जाऊन बसली. हे मला तिने सांगितलं. आपल्याच घरातला दागिना शेजारणीच्या गळ्यात दिसावा तसं झालं मला!

मी तुकोबांचा एक अभंग दिला, साध्या मंडळाच्या चालीत. तिचा ळ आमच्या ठाण्यात वाढलेल्या नातवंडांपेक्षा स्वच्छ. 'च' मात्र तिला जमेना, चांदण्यातला आणि चिमणीतला एकच करायची. तीन आठवडे आम्ही दोघी भाजी निवडताना च-च करत बसायचो.

त्या बदल्यात तिने मला आदिताल शिकवला. आठच मात्रा, आपल्या भजनी ठेक्याइतक्याच, पण मोजायच्या हाताने: एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं, मग टाळी आणि तळवा उलटा, ही शेवटची जोडी दोनदा. आता मंडळात झांजवाल्या बायका गजराला पळत सुटल्या की मी पदराखाली बोटं मोजत बसते. कुणाला पत्ता नाही. हा धागा मंडळातल्या कुणी वाचत असेल तर आजपासून आहे.

डिस्टॉर्शन (हिंजवडी)

थोडं वाकडं बोलतो. मी मेटल वाजवतो, दिवसा कोड लिहितो. शेअर करणं वगैरे ठीक आहे, पण आमच्या ग्रुपवर रोज चाळीस लिंका पडतात आणि कुणीही काही ऐकत नाही. अंगठा दाखवतात आणि पुढे. मीसुद्धा. 'सगळ्या प्रकारचं ऐकतो' म्हणणाऱ्या माणसाने शेवटचं गाणं पूर्ण कधी ऐकलं, विचारा.

एकदाच झालं. ड्रमरच्या घरी पाऊस, वीज गेलेली, अँप बंद. त्याच्या काकांनी अंधारात धानी राग गुणगुणायला घेतला. सा, कोमल गांधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. मी पंधरा वर्षांचा असल्यापासून जी पाच घरं गिटारवर घासतोय तीच. ब्लूजवाले त्याला मायनर पेंटाटॉनिक म्हणतात. पण मी त्यावरून धावत असतो, आणि काका निषादावर येऊन थांबून राहिले होते. वीज आली तेव्हा वाईट वाटलं.

मंद्रसप्तक

@डिस्टॉर्शन, म्हणूनच गाडी. उतरून जाता येत नाही.

क्लॅरिनेटवाला (कोल्हापूर)

लग्नाच्या बँडात आहे. आमची सगळी पितळी वाद्यं बी फ्लॅट, म्हणजे तुमची काळी पाच. त्यामुळे हौशी काका माईक घेऊन गायला लागले की आधी पट्टीवरून झटापट.

मुलीकडचे तयार व्हायला वेळ लावतात तेव्हा अर्धा तास नवरदेव घोड्यावर आणि आम्ही उन्हात. त्या अर्ध्या तासात मी न्यू ऑर्लिन्सचं जुनं जॅझ वाजवतो. तिथेही मिरवणुकीचेच बँड असतात, अंत्ययात्रेलासुद्धा. हे शेवटचं वधूपित्याला सांगत नाही. बँडमास्तरांनी एकदा विचारलं, कुठल्या पिक्चरचं? म्हटलं, येणार आहे अजून. त्यांनी वहीत सरगम उतरवून घेतली.

बी_साईड (जळगाव)

माझं १९८८ ते ९९ कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. (कायद्याचं बोलू नका, तेव्हा गल्लोगल्ली होती.) संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात गिटार वाजवायचो, दिवसा गाणी भरायचो.

गिऱ्हाईक चिठ्ठी आणायचं. वहीच्या पानावर एक ते सोळा नंबर घालून गाणी, खाली 'जागा उरली तर तुमच्या आवडीचं टाका'. हे वाक्य सगळ्यांच्या चिठ्ठीत नसायचं, पण जागा सगळ्यांचीच उरायची. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. सिनेमाची आठ-नऊ गाणी बसली की शेवटी तीन-साडेतीन मिनिटांचं शेपूट राहतं. नवीन गाणं त्यात मावत नाही, मधेच तुटतं आणि गिऱ्हाईक पैसे परत मागतं.

त्या शेपटात काय बरोबर बसतं माहीत आहे? मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी. तिची एक बाजूच तेवढी असते. माझ्या मामांकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या होत्या, त्या मी टेपवर घेऊन ठेवल्या होत्या. हा माणूस किराणा घराण्याचा, मिरजेत राहिलेला, १९३७ ला गेलेला. पण तबकड्या बघा: ख्याल आहेत, झिंझोटी रागातली ठुमरी आहे, मराठी नाट्यपद आहे, आणि चक्क कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृती आहे, तेलुगू शब्दांसकट. सगळं त्याच बारीक, तारेसारख्या आवाजात. आज त्याला कुठल्या कप्प्यात टाकाल?

तर मी सगळ्यांच्या कॅसेटला ते शेपूट लावायला लागलो. डिस्को भरून नेणाऱ्याला ठुमरी, भावगीतवाल्याला त्यागराज. सांगायचो नाही. पहिल्या महिन्यात तिघे भांडायला आले. एक जण म्हणाला, भाऊ, शेवटी कुणाच्या घरातला रेडिओ आला मधे. मी माफी मागून त्याच्यासमोरच पुसून दिलं. दुःख झालं, पण धंदा आहे.

केळीची ट्रक चालवणारा एक जण मात्र दर फेरीआधी कॅसेट भरायला यायचा. दिल्लीपर्यंत जायचा. ढोलकीची गाणी आणि कव्वाल्या, दुसरं काही नाही. पाच-सहा महिने काहीच बोलला नाही, मला वाटलं ऐकतच नसेल तिथवर. मग एके दिवशी चिठ्ठी दिली, त्यावर चौदाच गाणी. म्हटलं, दोन कमी आहेत. तर म्हणे, त्या म्हाताऱ्याला जागा ठेवली आहे. नाव त्याला ठाऊक नव्हतं. म्हातारा म्हणजे कोण हे मला विचारावं लागलं नाही.

दुकान बंद केलं तेव्हा यंत्रं भंगारात गेली. चिठ्ठ्या ठेवल्या आहेत, एक बुटाचं खोकं भरून.

भूपाळी (एडिनबरा)

इथे पबमधे टेबलाभोवती बसून वाजवतात, त्याला सेशन म्हणतात. कुणीही धून सुरू करायची, येईल त्याने जोडून घ्यायची. मी बासरीवर भूप रागातली एक गत घेतली. दुसऱ्या आवर्तनाला फिडलवाला माझ्याबरोबर होता! मग लक्षात आलं, वर्षाच्या शेवटी हे लोक हात गुंफून रॉबर्ट बर्न्सचं जे गाणं गातात त्यातही भूपाचेच पाच सूर आहेत. घोटाळा संपवताना झाला. ते तीन वेळा वाजवून पुढच्या धुनेवर उडी मारतात आणि मी मुखड्यावर परत परत येत राहिलो. सगळे माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी बारवाल्याने घंटा वाजवली.

घुमट_आणि_व्हायोलिन (मडगाव, सध्या माहीम)

माझं मराठी शाळेतलं आहे, सांभाळून घ्या. आमच्याकडे चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन शिकवायचे, त्यावरच आजोबांच्या पिढीतले कितीतरी जण मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात लागले. मी व्हायोलिन वाजवते.

माझ्या माईने एक मांडो (आमचं लग्नातलं कोकणी गाणं) फोंड्याच्या भजनी मंडळाला शिकवला. निमित्त घुमट या तालवाद्याचं. चवथीच्या आरतीला त्यांच्याकडे घुमट, लग्नाच्या मांडोला आमच्याकडे घुमट. मातीचं तेच मडकं. आता घोरपडीचं कातडं बंद, बकरीचं लावतात, आवाज थोडा बसला असं दोन्हीकडचे म्हातारे सारखंच कुरकुरतात.

मांडो संथ, सहाच्या हिशेबात डोलणारा. त्यांची झांज आठवर जायची. ते जमलं. न जमलेलं म्हणजे दुसरा आवाज. मांडो दोन आवाजांत गातात, खालचा आवाज वरच्याबरोबर तिसऱ्या सुरावरून चालतो. माई खालचा गायला लागली की मंडळाचे बुवा थांबायचे आणि फार अदबीने म्हणायचे, "माई, सूर जरा सुटतोय." माई म्हणायची, "बुवा, तो माझा सूर आहे, तुमचा तुम्ही धरा." महिनाभर हेच. मग एका संध्याकाळी बुवांनी डोळे मिटले आणि धरला. शेवटी मांडोमागून येणारं दुलपद सुरू झालं, चाल द्रुत झाली, घुमटवाला तर आरतीच्याच हाताने सुटला.

आता ते एकादशीला अभंगातही खालचा आवाज लावतात. गावात दोन तट पडले आहेत.

क्लॅरिनेटवाला

@घुमट, तो मांडो कुठल्या पट्टीत? मे महिन्यात बेळगावला एक ख्रिश्चन लग्न आहे.

घुमट_आणि_व्हायोलिन

काळी दोन. माई गाणार असेल तर पांढरी चार.

क्लॅरिनेटवाला

त्या येणार आहेत का?