पदविकेनंतर पुढे काय शिकावे? रासायनिक कारखान्यातील सुरक्षा अधिकाऱ्याचा प्रश्न

लोटे_सेफ्टी

सर्वांना नमस्कार. मी लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका बल्क ड्रग (औषधांचा मूळ घटक बनवणाऱ्या) कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर काही वर्षे शिफ्ट केमिस्ट म्हणून काम केले आणि मग तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका घेऊन या खात्यात आलो. त्याला आता बरीच वर्षे झाली. प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत संपली की आमच्या कामगारांना पुन्हा प्रशिक्षणाला बसावे लागते. माझ्या पदविकेला मात्र अशी कोणतीही मुदत नाही, आणि ही गोष्ट मला अलीकडे फार खटकू लागली आहे.

दरम्यान आमच्याकडे दोन नवी उत्पादने आली असून त्यांपैकी एकात हायड्रोजनेशनची, म्हणजे हायड्रोजन वायूशी अभिक्रिया घडवण्याची, पायरी आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यामुळे वर्षानुवर्षे पाठ असलेली कलमेही नव्याने वाचावी लागत आहेत. यंदा व्यवस्थापनाने माझ्या प्रशिक्षणासाठी एका अभ्यासक्रमापुरती रक्कम मंजूर केली आहे. नेबॉश या ब्रिटिश संस्थेचे इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट, आयएसओ ४५००१ या सुरक्षा व्यवस्थापनाच्या मानकाचा लीड ऑडिटर (मुख्य लेखापरीक्षक) अभ्यासक्रम आणि हॅझॉपचे, म्हणजे प्रक्रियेत काय बिघडू शकते हे पद्धतशीरपणे शोधण्याचे, प्रशिक्षण यांपैकी मी काय निवडावे? नोकरी बदलण्याचा सध्या विचार नाही.

निवृत्त_प्रक्रिया_सुरक्षा

आपल्या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच आले आहे. कारखान्यात हायड्रोजनेशन आले आहे आणि नोकरी बदलायची नाही, तर हॅझॉपच घ्यावे. मात्र दोन दिवसांत गाईड वर्ड (‘जास्त’, ‘कमी’ यांसारखे प्रश्न सुचवणारे ठरावीक शब्द) पाठ करून घेणारे आणि शेवटी समूह छायाचित्र काढून प्रमाणपत्र देणारे हॅझॉप नव्हे. ज्यात आपल्याच कारखान्याचे पी अँड आय ड्रॉइंग (नळ्या, झडपा व उपकरणांचा आराखडा) समोर ठेवून काम करावे लागते असे घ्यावे. बॅच प्रक्रियेचे (एका वेळी एक घाण घेऊन पायरीपायरीने चालणाऱ्या) हॅझॉप आणि अखंड चालणाऱ्या प्रक्रियेचे हॅझॉप यांत बराच फरक असतो. बॅचमध्ये ‘जास्त’, ‘कमी’, ‘उलट’ एवढ्याने भागत नाही. एखादी पायरी लवकर झाली, उशिरा झाली, गाळली गेली किंवा दोन पायऱ्यांचा क्रम बदलला तर काय होईल, हे प्रत्येक टप्प्यावर विचारावे लागते. प्रशिक्षक हे शिकवणार आहे का, याची चौकशी पैसे भरण्यापूर्वी करावी.

त्याच्याही आधी एक विषय आहे, जो आपल्याकडील पदविकांमध्ये मला नेहमी अपुरा वाटत आला आहे: अभिक्रियेची उष्णता. रिअॅक्टरच्या जॅकेटमधील थंड पाणी बंद पडले तर वस्तुमानाचे तापमान कुठवर चढेल, त्या तापमानाला दुसरी एखादी विघटनाची अभिक्रिया सुरू होते का, आणि आपल्या हाती किती वेळ उरतो, या तीन प्रश्नांची उत्तरे कॅलोरीमीटरवरील (उष्णता मोजणाऱ्या उपकरणावरील) चाचण्यांतून मिळतात. चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेता येते, पण आलेला अहवाल वाचता येणे हे सुरक्षा अधिकाऱ्याचे काम आहे. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोट झाल्यावर सगळीकडे अग्निशमन यंत्रणा, परवानग्या आणि कारखाने हलवण्याची चर्चा झाली. आत नेमके काय शिजत होते आणि ते कोणत्या तापमानापर्यंत स्थिर राहते, हे तेथे रोज काम करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते, हा प्रश्न त्या मानाने फारच कमी विचारला गेला.

अमेरिकेतील केमिकल सेफ्टी बोर्डाने टी-टू लॅबोरेटरीज या कंपनीतील स्फोटाचा तपास केला होता. त्याचा अहवाल आणि चित्रफीत दोन्ही विनामूल्य उपलब्ध आहेत. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे १९ डिसेंबर २००७ रोजी झालेल्या या स्फोटात चौघांचा मृत्यू झाला. थंड करणारी यंत्रणा निकामी झाली, तिला पर्याय नव्हता, आणि तापमान वाढल्यावर सोडियम व द्रावक यांच्यात दुसरी, अधिक घातक अभिक्रिया सुरू झाली. कंपनीचे मालक अडाणी नव्हते. एक रसायनशास्त्रज्ञ होता आणि दुसरा केमिकल इंजिनिअर. म्हणूनच त्या बोर्डाने केमिकल इंजिनिअरिंगच्या पदवी अभ्यासक्रमातच अभिक्रियांच्या धोक्यांचा समावेश करण्याची शिफारस केली. आपल्या पर्यवेक्षकांना एकत्र बसवून ही चित्रफीत दाखवावी आणि मध्येच थांबवून ‘आपल्याकडे या ठिकाणी काय आहे?’ असे विचारावे. हायड्रोजनेशनच्या बाबतीत वापरून झालेल्या रेनी निकेल या उत्प्रेरकाची हाताळणी हा तर वेगळाच धडा आहे. ते कोरडे पडले की हवेत आपोआप पेट घेते, आणि अपघात बहुधा रिअॅक्टरपाशी न होता गाळणीपाशी होतो.

आखाती_अनुभव

वरील सरांचा मुद्दा मान्य आहे, परंतु प्रमाणपत्रांकडे इतक्या तुच्छतेने पाहू नये असे मला वाटते. मी कतार आणि ओमानमध्ये बांधकाम व तेल प्रकल्पांवर काम केले आहे. तेथे माझी भारतीय पदविका अर्जाच्या कोपऱ्यात राहिली आणि मुलाखतीपर्यंत पोहोचवले ते नेबॉशने. शिवाय तो अभ्यासक्रम अगदीच पुस्तकी नाही. त्याच्या दोन भागांपैकी दुसऱ्या भागात आपल्याच कार्यस्थळाचे प्रत्यक्ष जोखीम मूल्यमापन लिहून द्यावे लागते, आणि ते प्रामाणिकपणे केले तर त्यातून खरोखर शिकायला मिळते. विकत मिळणारी तयार मूल्यमापने जे भरतात, त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे.

मात्र भारतीय कायदा त्यात शिकवला जात नाही, हे लक्षात ठेवावे. तो वेगळा वाचावाच लागेल, कारण नव्या संहितेत सुरक्षा अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचे आकडेच बदलले आहेत: जुन्या कारखाने अधिनियमात सर्वसाधारण कारखान्यासाठी १००० कामगारांची मर्यादा होती, ती आता ५०० आहे, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यासाठी आणि बांधकामासाठी ती २५० आहे, तर खाणींसाठी १००. नवे पदविकाधारक मोठ्या संख्येने या क्षेत्रात येतील आणि त्यांना शिकवण्याचे काम आपल्यासारख्या जुन्यांवरच पडेल. लीड ऑडिटरबद्दल एवढेच म्हणेन की आपल्याला ऑडिट करायचे असेल तर तो घ्यावा. कारखाना चालवणाऱ्याला त्याचा उपयोग मर्यादित आहे.

हवेचे_नमुने

मी इंडस्ट्रियल हायजिनिस्ट, म्हणजे कामाच्या जागेतील हवा, आवाज अशा आरोग्याच्या धोक्यांचे मोजमाप करणारी, आहे आणि या चर्चेत नेहमीप्रमाणे आरोग्य मागे राहिले, म्हणून लिहिते. स्फोट दिसतो, ऐकू येतो आणि बातमीत येतो. द्रावकाची वाफ वर्षानुवर्षे श्वासातून आत जाते तेव्हा यांपैकी काहीच होत नाही. बल्क ड्रग कारखान्यात टोल्युईन हे द्रावक हमखास असते. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत त्याची आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) होती, तर एसीजीआयएच या अमेरिकी संस्थेने २००७ पासून ती २० पीपीएम सुचवली आहे. आवाजाचेही तसेच आहे. आपल्याकडील नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल, तर तीच संस्था ८५ डेसिबल सुचवते. आपला कारखाना कायद्याने निर्दोष असूनही कामगाराच्या कानाला आणि मज्जासंस्थेला इजा होऊ शकते, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे ज्ञान कितीही प्रमाणपत्रांनंतर अर्धेच राहते.

म्हणून माझी सूचना अशी की मंजूर रकमेतून हॅझॉप जरूर करावे, पण मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक स्वच्छतेचे जे अल्पमुदतीचे वर्ग होतात, त्यांची माहितीही काढावी. कामगाराच्या कॉलरला नळी लावून, कमरेच्या पंपाने श्वसनकक्षेतील हवेचा नमुना घेणे आणि खोलीच्या मधोमध उपकरण ठेवून एक आकडा नोंदवणे यांतला फरक एकदा हाताने करून पाहिला की पुढे प्रयोगशाळेचे अहवाल डोळे मिटून स्वीकारले जात नाहीत. त्याच संस्थेत डॉक्टरांसाठी एएफआयएच हा औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. आपल्या कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी तो केलेले असतील, तर त्यांच्यासोबत बसून वार्षिक तपासणीतील निष्कर्ष आणि हवेचे आकडे एकत्र वाचावेत. हे दोन कागद बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या कपाटांत असतात.

लोटे_सेफ्टी

सर्वांचे मनापासून आभार. हॅझॉपचे नक्की केले आहे आणि प्रशिक्षकांना बॅच प्रक्रियेविषयी विचारणारे पत्रही पाठवत आहे. एक अडचण उरते. उत्पादन विभागाचे म्हणणे असे की हॅझॉप सुरक्षा अधिकाऱ्याने शिकून एकट्याने करावे, त्यांची माणसे त्यासाठी मोकळी होणार नाहीत. शिवाय कँटीन, बस आणि बागेची देखरेख माझ्याकडेच आहे, त्यामुळे शिकलेले वापरायला वेळ किती मिळेल याची शंका वाटते.

निवृत्त_प्रक्रिया_सुरक्षा

एकट्याने केलेल्या अभ्यासाला हॅझॉप म्हणता येत नाही. त्यासाठी उत्पादन, देखभाल, इन्स्ट्रुमेंटेशन आणि प्रक्रिया विकास या प्रत्येक विभागाचा किमान एक माणूस टेबलाभोवती असावा लागतो, कारण झडप प्रत्यक्षात कशी चिकटते हे फिटरला ठाऊक असते आणि तिचे स्थान फक्त ड्रॉइंगला. व्यवस्थापनासमोर असा प्रस्ताव ठेवावा की त्याच रकमेत प्रशिक्षकाला लोट्यालाच बोलावावे, वर्गात सहा-सात जणांना बसवावे आणि हायड्रोजनेशनची पायरीच सरावासाठी घ्यावी. बहुतेक प्रशिक्षक याला तयार असतात. एका माणसाच्या प्रवास-निवासाचा खर्च वाचतो, आणि वर्ग संपतो तेव्हा निम्मे काम झालेले असते.

कँटीन आणि बागेबद्दल सांगायचे तर, १९८२ च्या महाराष्ट्र सुरक्षा अधिकारी नियमांत कर्तव्यांशी विसंगत किंवा त्यांना बाधक ठरेल असे काम सुरक्षा अधिकाऱ्याकडून करून घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले होते. त्याच नियमांत प्रशिक्षण कार्यक्रमांची आखणी व आयोजन हे त्याचे कर्तव्य म्हणून नोंदवलेले होते. संहितेखालील नियमांत ही तरतूद कोणत्या शब्दांत येते, हे राज्याच्या राजपत्रात तपासून मगच पत्रात लिहावे, म्हणजे जुन्या कलमाचा हवाला दिला म्हणून पत्र परत येणार नाही. तोंडी तक्रारीपेक्षा सुरक्षा समितीच्या बैठकीत हा विषय मांडून इतिवृत्तात नोंदवून घेणे अधिक उपयोगी पडते. सरकारी निरीक्षक आले की ते इतिवृत्तही मागतात.

आपल्या भागात ‘मार्ग’, म्हणजे कारखान्यांचा परस्पर साहाय्य गट, कार्यरत असेल तर शेजारच्या कारखान्यांच्या रंगीत तालमींना निरीक्षक म्हणून जाण्याची परवानगी मागावी. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार अंतर्गत आपत्कालीन योजनेची तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते, त्यामुळे संधी वर्षभर मिळत राहते आणि त्यासाठी कोणाकडे रक्कम मंजूर करून घ्यावी लागत नाही.