रोममधल्या कॅथेड्रलचा समर्पणदिन आपण वसईत कशासाठी पाळतो?

आगाशीची_लेक:

मी आमच्या धर्मग्रामात सातवी-आठवीच्या मुलांना रविवारी धर्मशिक्षण देते. २०२५ मध्ये ९ नोव्हेंबर रविवारी आला, आणि नेहमीच्या रविवारच्या उपासनेऐवजी 'लॅटरन महामंदिराचं समर्पण' हा सण झाला. मिस्सा (रविवारची मुख्य उपासना) संपल्यावर वर्गात एका मुलाने विचारलं, "टीचर, रोमच्या चर्चचा वाढदिवस आपण का करायचा? मग आपल्या वसईतल्या पापडीच्या कॅथेड्रलचा का नाही करत?"

ते पोप महोदयांचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं आसन असलेलं मुख्य चर्च आहे, एवढं मी सांगितलं. त्यावर लगेच दुसरी म्हणाली, "पण पोप तर सेंट पीटर्समध्ये असतात ना?" मुलं अशी मनापासून विचारतात तेव्हा वरवरचं उत्तर द्यायला नको वाटतं. आणि समर्पण म्हणजे नेमकं काय करतात? उद्‌घाटन आणि आशीर्वाद, की त्याहून काही वेगळं? आमच्या वर्गातल्या कोणीच ते पाहिलेलं नाही. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं. पुढच्या वेळी मुलांना हाताशी धरून काहीतरी करता आलं तर मला फार आवडेल.

नंदाखालचे_सर:

बाय, दोन्ही मुलांचे प्रश्न रास्त आहेत. आधी दुसरीचं उत्तर देतो.

सेंट पीटर्स उभं आहे पेत्राच्या कबरीवर. जगातले मोठे सोहळे तिथे होतात, म्हणून टीव्हीवर तेच दिसतं. पण पोप हे आधी रोम शहराचे बिशप, आणि रोमच्या बिशपांचं आसन आहे लॅटरनमध्ये. नवे पोप निवडून आले की तिथे जाऊन त्या आसनावर बसतात. पोप लिओ चौदावे २५ मे २०२५ रोजी गेले होते. मुलांना ही तारीख सांग, त्यांच्या आठवणीतली आहे.

आता लॅटरनचीच गोष्ट. ती जागा मुळात लॅटरानी नावाच्या घराण्याची. पुढे तिथे शाही घोडदळाची छावणी होती. त्या घोडदळाने कॉन्स्टंटाईनच्या विरुद्ध बाजूने लढाई केली. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाईन जिंकला, त्याने छावणी पाडून टाकली आणि जागा रोमच्या बिशपांना दिली. ३२४ मध्ये पोप सिल्वेस्टर यांनी तिथल्या मंदिराचं समर्पण केलं. वीस वर्षांपूर्वीपर्यंत याच शहरात ख्रिस्ती माणसांचा छळ होत होता. घराघरांत जमून भाकर मोडणारी ती माणसं पहिल्यांदा भर दिवसा, उघड्या दारांनी, एवढ्या मोठ्या छपराखाली एकत्र आली. मला स्वतःला या सणाचं मर्म इथे वाटतं. त्या दिवशी तिथे असलेल्या म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जणांनी आपली माणसं छळात गमावलेली असणार.

पुढे ते मंदिर भूकंपात पडलं, चौदाव्या शतकात दोनदा जळालं, पुन्हा पुन्हा उभं राहिलं. आजचं आतलं रूप सतराव्या शतकातलं, बोरोमिनी या वास्तुकाराने घडवलेलं, आणि समोरचा दर्शनी भाग १७३५चा. मी यात्रेला गेलो तेव्हा मधल्या दाराशी बराच वेळ थांबलो होतो. ती काशाची दारं रोमच्या जुन्या सिनेटगृहाची आहेत. हात लावला की थंडगार लागतात. 'शहरातल्या आणि जगातल्या सर्व चर्चेसची माता आणि मस्तक' असं तिथे लॅटिनमध्ये कोरलेलं आहे. हा सण आधी फक्त रोमचा होता, नंतर सगळीकडे गेला तो या नात्याने. आपले बिशप रोमच्या बिशपांशी जोडलेले आणि आपण आपल्या बिशपांशी, म्हणून वसईतही. प्रभूचा सण असल्यामुळे तो सामान्य काळातल्या (मोठ्या सणांच्या काळाबाहेरच्या) रविवारची जागा घेतो. २०१४ मध्येही असंच झालं होतं, आता पुन्हा २०३१ मध्ये होईल.

पहिल्या मुलाला सांग की पापडीचाही दिवस असतो. कोणत्याही धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपांच्या क्षेत्रात, कॅथेड्रलच्या समर्पणाचा वर्धापनदिन कॅथेड्रलमध्ये महोत्सव (सर्वांत वरचा दर्जा) आणि बाकीच्या सगळ्या चर्चेसमध्ये सण (त्याखालचा) म्हणून पाळायचा, असा उपासनेचा नियमच आहे. मिलानला जाऊन बघ, तिथे ऑक्टोबरातला तिसरा रविवार त्यांच्या कॅथेड्रलच्या समर्पणाचा. १५७७ च्या ऑक्टोबरात संत चार्ल्स बोरोमिओ यांनी ते समर्पित केलं. प्लेगने शहर होरपळून निघालं होतं, त्याच्या लगेच नंतरचा तो काळ. त्या रविवारपासून त्यांच्या उपासना वर्षाचा शेवटचा टप्पा सुरू होतो, इतका त्याला मान आहे. आपला वसई धर्मप्रांत १९९८ चा. चर्च जुनं असलं तरी कॅथेड्रल म्हणून पापडीचं वय लहान आहे. आपल्याकडे संताच्या नावाचा सण दणक्यात होतो, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मिरवणूक, बँड सगळं असतं, पण समर्पणाची तारीख कोणाला विचारली तर सांगता येत नाही. मला याचं वाईट वाटतं.

समर्पणाचा विधी मी एका नव्या चर्चमध्ये जवळून पाहिला आहे. उद्‌घाटनाची फीत आणि भाषणं हे त्याच्यापुढे काहीच नाही. सुरुवातीला वेदी उघडी असते, नुसता दगड. वर वस्त्र नाही, मेणबत्त्या नाहीत. बिशप आधी पाणी शिंपडतात, लोकांवर आणि भिंतींवरही. सर्व संतांची लितानी, म्हणजे एकेकाचं नाव घेत केलेली प्रार्थना, होते. मग संतांचे पवित्र अवशेष वेदीखाली ठेवतात आणि गवंडी ती जागा बंद करतो. त्यानंतर बिशपांनी वरचा झगा उतरवला, पांढरं कापड पुढे बांधलं, बाह्या वर सारल्या आणि वेदीच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर क्रिझ्म हे अभिषेकाचं पवित्र तेल ओतलं. दोन्ही तळव्यांनी ते दगडभर चोळलं, अगदी कडेपर्यंत. तेल कडेवरून खाली ओघळत होतं. त्यातल्या बाल्समचा (सुगंधी राळेचा) वास पार मागच्या बाकापर्यंत आला. मग भिंतींवरच्या बारा क्रुसांना एकेक करून तेल लावलं. वेदीवर निखाऱ्यांचं पात्र ठेवून धूप जाळला, धूर छपराला भिडला. सिस्टरांनी सुती पंच्यांनी वेदी पुसून घेतली, वस्त्र घातलं आणि तेव्हा कुठे मेणबत्त्या पेटल्या, चर्चमधले सगळे दिवे लागले.

हे तेल कुठलं, ते मुलांना नक्की सांग. पवित्र सप्ताहात बिशप आपल्या धर्मगुरूंसोबत मिस्सा अर्पण करतात, ऑलिव्हच्या तेलात बाल्सम मिसळतात, भांड्याच्या तोंडाशी वाकून त्यावर फुंकर घालतात आणि ते तेल गावोगावच्या चर्चना जातं. बाप्तिस्म्याला आपल्या डोक्याला लागलं ते हेच. दृढीकरणाला कपाळावर लागतं तेही हेच. भिंतीला आणि पोराला एकच तेल. पौल करिंथकरांना लिहितो की तुम्ही देवाचं मंदिर आहात, आणि ९ नोव्हेंबरला तेच वाचन असतं.

पहिलं वाचन यहेज्केलचं, मंदिराच्या उंबऱ्याखालून वाहणाऱ्या पाण्याचं. ते पाणी खाऱ्या समुद्राला मिळतं आणि तिथलं पाणी गोडं होतं, मासे येतात, काठच्या झाडांना दर महिन्याला फळं लागतात. खाडीच्या काठी राहून बावखलाच्या (वाडीतल्या तळ्याच्या) गोड्या पाण्यावर वाड्या पिकवलेल्या लोकांना हे वाचन वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

सांतिनेज_पणजी:

सरांनी छान लिहिलंय. गोव्याचं थोडं सांगते. जुन्या गोव्याचं आमचं से कॅथेड्रल संत कॅथरीनला वाहिलेलं आहे, कारण १५१० मध्ये तिच्या सणाला, २५ नोव्हेंबरला, पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा घेतला. सध्याची इमारत १५६२ मध्ये सुरू झाली, १६१९ मध्ये पुरी झाली, समर्पण १६४० मध्ये, आणि वेद्यांचं काम १६५२ पर्यंत चाललं. म्हणजे नाव, बांधकाम आणि समर्पण या तिन्हीच्या तारखा निरनिराळ्या. मुलांची गल्लत होते ती इथेच. १७७६ मध्ये एक बुरूज कोसळला तो परत बांधला नाही. राहिलेल्या बुरुजात मोठी घंटा आहे, सोन्याची घंटा म्हणतात तिला. मुलांची सहल गोव्यात आणलीत तर बोम जेझूस चर्च बघून तसंच परत फिरू नका, रस्ता ओलांडून से मध्येही जा. सगळे संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या वेळीच आत येतात, एरवी आत शांतपणे बसायला मिळतं. देव बरें करूं.

चुळणेकर:

सर, आमच्या चर्चच्या भिंतींवर बारा क्रूस दिसत नाहीत. मग समर्पण झालेलंच नाही का?

नंदाखालचे_सर:

तसं लगेच ठरवू नका. आताच्या विधीत बारा किंवा चार जागी तेल लावतात, त्यामुळे क्रूस चारच असू शकतात. रंगकामात बुजलेलेही पाहिलेत मी. आणि काही चर्चेसना फक्त आशीर्वाद दिलेला असतो, तिथेही मिस्सा तितकाच खरा. खात्रीसाठी दाराजवळची किंवा वेदीजवळची पाटी बघा. समर्पणाचा लेख दोन प्रतींत करतात, एक धर्मप्रांताच्या दफ्तरात, एक चर्चमध्ये. समर्पण झालंय पण तारीख हरवलीय, असं असेल तर काही देशांत २५ ऑक्टोबर धरतात. आपल्याकडे काय करायचं ते फादरच सांगतील.

आगाशीची_लेक:

सर, मनापासून आभार. पंच्यांनी तेल पुसल्याचं मी वर्गात वाचून दाखवणार आहे. या रविवारी मुलांना घेऊन आमच्या चर्चमधले क्रूस शोधते. फादरांकडे दफ्तर पाहायची परवानगीही मागते. तारीख मिळाली तर त्या दिवशी मुलांनी काय करावं?

नंदाखालचे_सर:

वर्धापनदिनाला त्या क्रुसांपुढे मेणबत्त्या लावायची जुनी रीत आहे. प्रत्येक क्रुसाखाली एक मूल उभं कर आणि त्याच्या हातात मेणबत्ती दे. शुभवर्तमान जक्कयचं (येशू ज्याच्या घरी उतरला त्या जकातदाराचं) घेता येतं का ते फादरांना विचार, समर्पणाच्या उपासनेत ते चालतं. 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे' हे मुलांना चटकन भिडतं. आणि पापडीची तारीख मिळाली तर इथे लिही, मलाही हवी आहे.