मदत हवी आहे: परळचं जुनं गव्हर्नमेंट हाऊस आणि तिथल्या माळ्याला मिळालेली एक चिठ्ठी

नमस्कार मंडळी,

परळला हाफकिन संस्थेच्या आवारात जी जुनी मुख्य इमारत आहे, ती एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांचं राहतं घर होती. आमचे खापरपणजोबा तिथे बागेत माळी होते. मूळचे संगमेश्वर भागातले. त्यांना मिळालेली एक इंग्रजी चिठ्ठी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली आहे. ती नक्की कोणत्या साली लिहिली गेली हे मला ठरवायचं आहे. जुनी दप्तरं, जुने कागद, मुंबईचा इतिहास यांतल्या जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचावं.

आधी चिठ्ठीबद्दल. पोस्टकार्डाहून थोडी मोठी आहे. वरच्या बाजूला छापील अक्षरांत ‘गव्हर्नमेंट हाऊस, परेल’. खाली हाताने लिहिलेल्या चार-पाच ओळी, शाई आता तपकिरी झाली आहे. मजकूर असा की हा माणूस प्रामाणिक आहे, गुलाबाची कलमं आणि कुंड्यांचं काम चांगलं जाणतो, आणि नोकरवर्ग कमी करण्यात येत असल्यामुळे त्याला सोडण्यात येत आहे. खाली सही आहे. पहिलं अक्षर इंग्रजी एच किंवा के वाटतं, पुढचं सगळं एका फटकाऱ्यात. महिना एप्रिल, तो स्वच्छ वाचता येतो. साल मात्र १८८ एवढंच. शेवटचा आकडा बरोबर घडीवर आला होता आणि तिथे कागद झिजून भोक पडलं आहे.

हा एक आकडा इतका महत्त्वाचा का, ते सांगते.

परळची वास्तू मुळात पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ आणि चर्च. १७१९च्या सुमारास गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या काळात ती इंग्रजांकडे आली आणि किल्ल्यातल्या दाटीपासून दूर, मोकळ्या हवेतलं घर म्हणून वापरात आली. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी १७७१च्या सुमारास तिथे राहायलाच गेले. जुन्या चर्चच्या जागी मेजवानीचं दालन झालं आणि वर नाचाचं दालन. पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टननी दोन्ही बाजूंना इमारत वाढवली. मधल्या काळात सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशांना गव्हर्नर डंकन यांनी हे घर राहायला दिलं होतं, आणि त्यांनीच २६ नोव्हेंबर १८०४ला इथे काही मंडळी जमवून लिटररी सोसायटी काढली. आज टाऊन हॉलमध्ये असलेली एशियाटिक सोसायटी ती हीच. ग्रंथसंग्रहासाठी टाऊन हॉलच्या पायऱ्या चढणाऱ्या किती जणांना माहीत असतं की संस्थेचा जन्म परळचा आहे? मला हे फार अभिमानाचं वाटतं.

१८७५मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आले तेव्हा उतरले ते परळलाच. पण तोवर भोवतालचं परळ बदलत चाललं होतं. गिरण्या उभ्या राहत होत्या, वस्ती दाटत होती, पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था तिच्यामागे पुरी पडत नव्हती. १८८२मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी याच घरात पटकीने गेल्या. (पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे गव्हर्नर.) त्यानंतर परळवरचं मन उडालं आणि १८८५पासून गव्हर्नरांचा मुक्काम कायमचा मलबार पॉइंटला गेला. आजचं राजभवन ते तिथलंच.

म्हणजे शेवटचा आकडा १ किंवा २ असेल तर चिठ्ठी गजबजलेल्या घरातली. ५ असेल तर थेट बिऱ्हाड हलल्याच्या वेळची. आणि ७-८ असेल, तर गव्हर्नर गेल्यावरही परळच्या बागेत सरकारी माळी होते असं म्हणावं लागेल.

गुंता पुढेच आहे. चिठ्ठीत ‘सोडण्यात येत आहे’ असं लिहिलंय, पण आमच्या आजोबांच्या तोंडी कायम असायचं, “लाटसाहेब गेले, आम्ही बागेतच राहिलो.” ते सांगायचे की प्लेगच्या साली बंगल्याचं इस्पितळ झालं तेव्हाही त्यांचे आजोबा तिथेच होते. प्लेगचा काळ तर सर्वज्ञात आहे: सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला, आणि परळच्या बंगल्यात प्लेगचं इस्पितळ निघालं. तिकडे भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. जागा बदलत बदलत त्यांची प्रयोगशाळा अखेर परळच्या याच घरात आली, १० ऑगस्ट १८९९ला. १९२५मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

माळीबाबांचा मुलगा, म्हणजे आमचे पणजोबा, या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याच्या कामावर लागला. त्यामुळे आमच्या घरी मुलकोवालची गोष्ट वेगळ्या जिव्हाळ्याने सांगितली जाते. १९०२मध्ये पंजाबातल्या त्या गावी लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती, क्रमांक ५३-एन, परळहून गेलेली. हाफकिन यांचं पद गेलं. पुढे दिसून आलं की दोष परळचा नव्हता, बाटली गावात उघडताना चूक झाली होती. बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. मलेरियावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या रोनाल्ड रॉस यांच्यासारखे लोक जाहीरपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. हाफकिन यांच्याबरोबर परळला बाटल्या धुणाऱ्या, भरणाऱ्या प्रत्येक हातावरचा आरोप त्या दिवशी गेला असं मी मानते. त्या माणसांची नावं कुठेतरी नोंदलेली असलीच पाहिजेत.

तर माझे प्रश्न. चिठ्ठीचं साल ठरवायला काही मार्ग आहे का? अशी चिठ्ठी गव्हर्नरांच्या घरात कोण देत असे, म्हणजे सही कुणाची असू शकेल? आणि १८८५ ते १८९९ या काळात त्या घरात आणि बागेत कोण नोकरीला होतं, याचे कागद कुठल्या दप्तरात सापडतील? गव्हर्नरांची यादी कुठेही मिळते. मला बागेतल्या माणसांची हवी आहे.

प्रतिसाद (जुना दप्तरी):

ताई, फार चांगला धागा. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथून सुरुवात करा. ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज लागतो. माळी, पट्टेवाले, मशालजी अशी पदं शोधत बसू नका, हाती काही लागणार नाही. पैसा कुठून गेला ते शोधा. सरकारी घरांची दुरुस्ती आणि देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असायची, तेव्हा १८८५च्या आगेमागे त्या खात्याचे खंड मागवा आणि सूचीत ‘परेल’ बघा. नोकरवर्ग कमी करायचा तर त्याला मंजुरी लागते, आणि अशा मंजुरीला बहुतेक वेळा पदांचा व पगारांचा तक्ता जोडलेला असतो.

सहीबद्दल: गव्हर्नर स्वतः अशा चिठ्ठ्या देत नसत. त्यांचे लष्करी सचिव किंवा एखादा एडीसी (गव्हर्नरांच्या दिमतीचा लष्करी अधिकारी) देत असेल. टाइम्स ऑफ इंडियाची वार्षिक डिरेक्टरी निघायची, तिच्यात गव्हर्नरांच्या खाजगी कर्मचारीवर्गाची नावं असतात. एशियाटिकमध्ये विचारा. एच किंवा के वरून सुरू होणारं नाव कोणत्या वर्षी दिसतं ते पाहिलं की निम्मं काम झालं. एक लक्षात ठेवा, लॉर्ड रे यांनी मार्च १८८५च्या अखेरीस सूत्रं घेतली. नवा गव्हर्नर आला की सोबतचा वर्गही बदलतो. तुमचा एप्रिल त्या दृष्टीने बोलका आहे, पण साल हाती आल्याशिवाय काही म्हणता येत नाही.

प्रतिसाद (कागदवेडा):

आधी एक कळकळीची विनंती: चिठ्ठी लॅमिनेट करू नका, भोकावर सेलोटेप तर मुळीच लावू नका. घडी उघडून सपाट ठेवा, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात.

आता साल. विलायती लिहिण्याच्या कागदात पुष्कळदा जलचिन्ह (उजेडासमोर धरल्यावर दिसणारी कागदातली खूण) असतं आणि त्यात कागदाच्या गिरणीच्या नावाबरोबर कधीकधी कागद बनवल्याचं वर्षही असतं. चिठ्ठी खिडकीच्या काचेवर अलगद धरा, किंवा मोबाईलचा पांढरा पडदा मागे ठेवा. वर्ष दिसलं तर चिठ्ठी त्याच्या आधीची असू शकत नाही, एवढं पक्कं.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. कागदवेडादादा, काल संध्याकाळी मोबाईलच्या उजेडावर धरून पाहिलं. अर्धंच जलचिन्ह आलंय, कागद कापताना बाकीचं गेलं असावं. गिरणीच्या नावाची शेवटची तीन अक्षरं आणि खाली स्पष्ट १८८३. आईलाही दाखवलं, तिलाही तेच दिसलं.

म्हणजे फर्ग्युसनबाई गेल्यानंतरची चिठ्ठी, आणि १८८४ ते १८८९ एवढीच वर्षं उरली. फार तर १८८३चा एप्रिल, पण तेवढ्यात कागद विलायतेहून येऊन छापून वापरात आला असेल असं वाटत नाही. दप्तरीकाका, आता १८८४ ते १८८६च्या डिरेक्टऱ्या आधी बघते, मग बांधकाम खात्याचे खंड. बांधकाम खात्याच्या सूचीत परळ हे ‘परेल’ खाली येतं की ‘गव्हर्नमेंट हाऊसेस’ खाली, हे कुणी तिथे बसून पाहिलं असेल तर कृपया सांगा. आणि ज्यांच्या घरातले कुणी जुन्या काळी हाफकिनमध्ये बाटल्या, घोडे, बाग अशा कामांवर होते, त्यांनी इथे जरूर लिहा. घरात बिल्ला, पगाराचं पुस्तक, फोटो असं काही असेल तर त्याचं वर्णन पुरेल, मूळ वस्तू कुणाला देऊ नका.