क्लायमेट मॉडेलमधला आपल्या तालुक्याचा पाऊस कितपत धरायचा?

द्राक्षबाग_तासगाव:
नमस्कार मंडळी, माझी तासगावकडं चार एकर द्राक्षबाग आहे. वडील १९८६ पासून रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघून वहीत पाऊस लिहायचे, आता मी लिहितो. पुतण्यानं नासाचा क्लायमेट मॉडेलांचा मोफत डेटा उतरवून दिलाय, २५ किमीच्या चौकटीत २१०० पर्यंतचं रोजचं तापमान आणि पाऊस. मी त्यातली जुनी वर्षं वहीशी लावून बघितली तर काहीच जुळेना, २००५ ला कृष्णेला महापूर आला आणि मॉडेलमध्ये ते साधं वर्ष दिसतंय. मग २०५० चं कशावर धरायचं? मला बघायचंय एवढंच की ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस वाढत जाणार का, कारण फुलोऱ्यात पाऊस झाला की दावण्या या बुरशीच्या रोगानं घड जातात आणि फळछाटणी पुढं-मागं करायचा सगळा हिशोब त्यावरच आहे.

मिरजकर_पुण्यात:
दादा, मी याच विषयात एमएस्सी केलंय. वर्ष जुळणारच नाही, ते चुकलंय म्हणून नाही. मॉडेल म्हणजे संगणकावरचं गणित, त्याला हवा, समुद्र, जमीन यांचे भौतिकशास्त्राचे नियम आणि कार्बन डायऑक्साइड किती वाढतो ते दिलेलं असतं, खरं रोजचं हवामान दिलेलं नसतं, त्यामुळं त्याचं २००५ आणि आपलं २००५ वेगळं. आत्ता जानेवारीत तुम्ही छातीठोक सांगाल की मे तापणार, पण १४ मेला वळीव पडेल का ते सांगणार नाही, तसंच आहे हे. म्हणून तारीख बघू नका, तीस-तीस वर्षांचे गठ्ठे करा आणि मॉडेलची तुलना मॉडेलशीच करा, म्हणजे त्याचंच १९८५-२०१४ आणि त्याचंच २०३५-२०६४, मधे फरक किती पडला ते घ्यायचं. आणि एका मॉडेलवर थांबू नका, त्या डेटात तीसच्या वर मॉडेलं आहेत, सगळी एका दिशेला जातात का बघा.

माणदेशी_शिवार:
यात एक भर. २५ किमी वाचून फसू नका, मूळ जागतिक मॉडेलांची चौकट बहुतेक वेळा १०० किमी किंवा त्याहून मोठी असते, नंतर जुन्या नोंदी वापरून ती बारीक केलेली असते. महाबळेश्वर ते दहिवडी सरळ रेषेत शंभर किमीसुद्धा भरत नाही, तिकडं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी आणि आमच्याकडं पाचशेच्या आसपास, दोन्ही एकाच चौकटीत! सह्याद्रीचा कडा मॉडेलमध्ये नुसता उतार होऊन जातो, मग पाऊसछाया, म्हणजे डोंगराआडचा कोरडा पट्टा, येणार कुठून. आमच्या माण-खटावला आणि तुमच्या आटपाडी-जतला हा मुद्दा सगळ्यात जास्त लागतो.

मिरजकर_पुण्यात:
अगदी बरोबर. म्हणून तापमानावर जास्त भरवसा ठेवा, पावसावर कमी. देशाचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये साधारण ०.७ अंशानं वाढलं, ही वाढ मॉडेलंही दाखवतात. पावसाचं गुंतागुंतीचं आहे, केंद्राच्या २०२० च्या अहवालात १९५१ ते २०१५ मध्ये मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्के घटलाय असं आहे, आणि घट ठळक कुठं तर गंगेचं खोरं आणि पश्चिम घाट. हवेतल्या धुरा-धुळीच्या कणांनी ऊन अडतं, ते त्यामागचं एक मोठं कारण धरतात. पण पुढच्या काळात बहुतेक मॉडेलं मान्सून वाढताना दाखवतात, कारण हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. पडणारा पाऊस थोड्या दिवसांत जोरानं पडणं, ही गोष्ट एकूण बेरजेपेक्षा जास्त खात्रीची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं मात्र बंगालच्या उपसागरातल्या आणि अरबी समुद्रातल्या सिस्टिमवर, म्हणजे कमी दाबाच्या पट्ट्यांवर आणि वादळांवर असतं, तिथं मॉडेलांचं एकमत होईलच असं नाही, तेव्हा त्यावरून पुढच्या वर्षीची छाटणी ठरवू नका, त्याला आयएमडीचा, म्हणजे भारतीय हवामान विभागाचा, आठवड्याचा अंदाजच बघायचा.

द्राक्षबाग_तासगाव:
आता समजलं. मग वहीचा उपयोग काय करू?

मिरजकर_पुण्यात:
अहो, तीच सगळ्यात मोलाची आहे! १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबरमध्ये २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झालेले दिवस दरवर्षी मोजा, आणि मॉडेलचं १९८६-२०१४ त्याच पद्धतीनं मोजा. जे मॉडेल तुमच्या गावचा सरासरी आकडासुद्धा जवळपास देत नाही, त्याचं पुढचं सांगणं हलकं धरा. आयएमडीचा १९०१ पासूनचा चौकटीचा पाऊसही मोफत मिळतो, तो शेजारी ठेवा.

द्राक्षबाग_तासगाव:
बसतो या रविवारी. १९८९ आणि ९० ची वही भिजलीय, काही पानं वाचताच येत नाहीत, तिथं शून्य टाकू का?

मिरजकर_पुण्यात:
नको नको, शून्य म्हणजे पाऊस नाही पडला असं होईल. रकाना रिकामा ठेवा.