जुन्या सात गिअरच्या सायकलची चेन घसरते, काय काय बदलावं?

प्रश्न: वरळीत सायकल दोन पावसाळे जिन्याखाली पडून होती. चेन गंजलीय आणि जोर लावला की दातांवरून उडते. नुसती चेन बदलून भागेल का?

उत्तर १: आधी मोजा. चेन ताणून पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. बरोबर १२ इंचांवर पिन यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली तर चेन बदला. १/८ गेली तर फ्रीव्हीलही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्र्यांचा संच) गेलंच समजा. झिजलेल्या दातांवर नवी चेन बसतच नाही, फ्लायओव्हर चढताना हमखास घसरते.

उत्तर २: फ्रीव्हील आट्यांचं असेल तर त्याच खाचांचा पुलर (ते काढायचं हत्यार) घ्या. एक्सलचा नट हलका लावून पुलर जागीच धरा, नाहीतर खाचा तुटतात. घड्याळाच्या उलट फिरवा, आटे सुटले की लगेच नट ढिला करा. नवं बसवताना आट्यांना ग्रीस चोपडाच! आपल्याकडच्या खाऱ्या हवेत कोरडं फ्रीव्हील पुढच्या वेळी निघता निघत नाही.

उत्तर ३: नवी चेन जुनीला लावून कापू नका, कड्या मोजा. झिजलेली चेन लांब भरते. ६-७-८ गिअरचीच मागा. बिनगिअरच्या सायकलची १/८ इंच रुंदीची चेन इथे चालत नाही.

प्रश्नकर्ता: मोजली, १/८ च्याही पुढे आहे. दोन्ही बदलतो.