अरविंद आणि बडोदा

काहीजण म्हणतात की अरविंद घोषांचं तत्त्वज्ञान पाँडिचेरीत घडलं, बडोदा म्हणजे नुसती नोकरी. बडोदेकर म्हणून हे मला अजिबात पटत नाही. 1893 मध्ये ते सयाजीरावांच्या चाकरीत आले, तेव्हा अवघे विशीतले होते आणि सातव्या वर्षापासून इंग्लंडात वाढलेले. संस्कृत त्यांनी इथे आत्मसात केलं, मराठी-गुजराती शिकले, मातृभाषा बंगालीसुद्धा इथेच पक्की केली! उपनिषदं, महाभारत मुळातून वाचलं ते बडोदा कॉलेजात शिकवता शिकवता. मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ या वृत्तपत्रातली काँग्रेसवरची जहाल लेखमालाही त्याच काळातली.

1906 मध्ये ते बंगालला गेले हे खरं. पण काँग्रेसच्या सुरत अधिवेशनानंतर, 1908 च्या जानेवारीत, ते पुन्हा इथे आले आणि विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यासोबत तीन दिवस ध्यानाला बसले. मन पूर्ण निःशब्द होण्याचा अनुभव त्यांना तेव्हा आला. पुढच्या साधनेचा विचार करताना तो वगळताच येत नाही. लेल्यांचं नाव आपल्याच लोकांना माहीत नसावं, याचं फार वाईट वाटतं. बडोद्याला आलात तर दांडिया बाजारातलं अरविंद निवास, म्हणजे त्यांचं इथलं घर, जरूर पाहा.